स्वराचा चढउतार, मुंबई १९८२
१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा रागांची डिस्को तबकडी केली. हाताशी रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८.

अशा यंत्रावर स्वराला आकार देतो तो एन्व्हलप. ज्युपिटरवर त्याचे दोन संच, प्रत्येकात चार सरकपट्ट्या. अटॅक म्हणजे स्वर किती वेळात उमलतो, डिके म्हणजे किती वेळात उतरतो. रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर विरायला लागणारा वेळ. सस्टेन मात्र वेळ नव्हे, पातळी: कळ दाबलेली असेपर्यंत स्वर तिथे टिकतो. नवखा नेमका इथेच चुकतो. टीबी-३०३ वर डिकेचा एकच नॉब!

तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली. टीबी-३०३ याच प्रकारच्या यंत्रावर घडलेली शिकागोची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही अ‍ॅसिड हाउस नृत्यसंगीताची तबकडी १९८७ ची. मुंबईचे काम तिच्या पाच वर्षे आधीचे आहे, याची ठळक नोंद व्हायलाच हवी.