सपाट धाव आणि उडीची धाव

घोड्यांच्या शर्यती म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीचे सपाट मैदान येते. इंग्लंड-आयर्लंडात मात्र या रसिकांचे दोन पंथ आहेत. सपाट धावेचे क्षेत्र एप्सम; तेथे १७८० पासून डर्बी भरते. दुसरा पंथ उडीवाल्यांचा. १७५२ साली आयर्लंडात दोघांनी पैजेने बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, कुंपणे-नाले ओलांडीत, घोडे पिटाळले. मनोऱ्याच्या रोखाने धावायचे, म्हणून ती ‘स्टीपलचेस’!

उडीवाले सपाटवाल्यांना डिवचतात : तुमचा विजेता ओळखीचा होतो न होतो, तोच पैदाशीला जातो. आमचा बहुधा खच्ची केलेला, म्हणून वर्षानुवर्षे भेटतो. रेड रमने ग्रँड नॅशनल जिंकली १९७३, १९७४ आणि पुन्हा १९७७ साली. हा टोला, आमच्या मते, बिनतोड आहे. सी पिजनवर तर दोघांचाही हक्क पोचतो. १९७३ ची डर्बी धावलेला हा घोडा १९८० व १९८१ साली चॅम्पियन हर्डल जिंकला.

पण सपाटवाले जेव्हा म्हणतात, ‘तुमच्या कुंपणांपायी घोडे मरतात,’ तेव्हा थट्टा संपते. २०१३ साली ग्रँड नॅशनलच्या कुंपणांचा कठीण लाकडी गाभा काढून मऊ बसवला. २०२४ पासून चाळिसांऐवजी चौतीसच घोडे सोडतात.