फौजीचा अर्ज कोण लिहिणार?

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचं नेटवर्क ऐन वेळी घाटात गेलं, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आमच्या कन्हेरीचं नाव बातम्यांत येतं ते निवडणुकीच्या वेळी, मारुतीच्या देवळात प्रचाराचा नारळ फुटतो तेव्हा. आजचा विषय त्याचा नाही. इथून बारामतीकडे जा नाहीतर इंदापूरकडे, पाहुण्यारावळ्यांत एखादा रिटायर फौजी असतोच. त्याच्याकडे एक प्लास्टिकची फाइल असते. आत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, मेडिकल बोर्डाचे कागद आणि रेकॉर्ड ऑफिसकडून आलेली दोन-चार पत्रं. सगळी इंग्रजीत. घरात कुणी इंजिनिअर झालं की ती फाइल त्याच्या पुढ्यात येते. "बाळा, हे काय म्हणतायत बघ जरा." आपण कोड वाचतो, पण "सेवेमुळे उद्भवलेला किंवा सेवेमुळे बळावलेला आजार नाही" या एका ओळीमुळे काकांची डिसॅबिलिटी पेन्शन का अडली, हे आपल्याला कुठे कळतं?

मग हे कळणारा माणूस कोण? अमेरिकेत याला एक उत्तर आहे: लॉ कॉलेजचं क्लिनिक. म्हणजे कायदा शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली माजी सैनिकांच्या केसेस फुकट चालवतात. हार्वर्डने असं क्लिनिक २०१२ साली सुरू केलं. यामागची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांना पेन्शन मिळवून देण्याच्या नावाखाली एजंट लुबाडायला लागले, म्हणून १८६४ साली कायदा झाला की पेन्शनच्या दाव्यासाठी वकिलाने १० डॉलरपेक्षा जास्त फी घ्यायची नाही. हेतू चांगला होता. पण ही मर्यादा शंभर वर्षांहून जास्त काळ तशीच राहिली! १९८५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानेही ती योग्य ठरवली. दहा डॉलरमध्ये कोण वकील उभा राहणार? १९८८ साली या दाव्यांसाठी स्वतंत्र कोर्टाचा कायदा झाला, हळूहळू फीचे नियमही सैल झाले, पण गरीब सैनिकाला वकील परवडत नाही ते नाहीच. ती पोकळी भरायला लॉ कॉलेजं पुढे आली.

आता म्हणाल, हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे काय? आपल्याकडची गोष्ट याहून जुनी आहे. ती कॉलेजात सुरू झाली नाही, दापोलीत सुरू झाली.

एकोणिसाव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 'नाक' हा शेवट असलेली जी नावं कोरलेली आहेत, ती याच सैनिकांची. लष्करात पगार होता, पेन्शन होती, आणि पोरांसाठी शाळा होती. गावात जे वाट्याला येत नव्हतं ते छावणीत येत होतं. १८५७ नंतर इंग्रजांच्या डोक्यात 'लढाऊ जमाती' आणि 'बिगरलढाऊ जमाती' अशी वर्गवारी शिरली, आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. ज्यांनी नोकरी केली त्यांना पेन्शन चालू राहिली, पण त्यांच्या मुलांसाठी दार बंद. शिक्षण, पगार, इज्जत, सगळं एका पिढीत आटणार होतं.

याविरुद्ध पहिली लेखणी उचलली ती एका रिटायर सैनिकानेच. गोपाळबाबा वलंगकर. मूळ गाव महाडजवळचं रावढूळ. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीत राहिले. महात्मा फुल्यांच्या विचारांचा माणूस. वर्तमानपत्रांत लिहायचे, 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका त्यांचीच, आणि 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्थाही त्यांनीच काढली. १८९४ साली त्यांनी एक लांबलचक अर्ज मराठीत तयार केला: आमची भरती पुन्हा सुरू करा.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण या अर्जाचं पुढे जे झालं त्यातच आजच्या भागाचं मर्म आहे. अभ्यासक नोंदवतात की हा अर्ज रीतसर पुढे गेलाच नसावा. का? तर सह्या मिळेनात. पेन्शनर मंडळी घाबरली. सरकारविरुद्ध सही केली आणि सरकारने पेन्शनच बंद केली तर? हातात आहे तेही जायचं!

हसू नका. आजही हीच भीती आहे. आयुष्यभर हुकूम पाळलेल्या माणसाला स्वतःच्या सरकारविरुद्ध केस टाक म्हणून सांगून बघा. सुप्रीम कोर्टाने १९८२ साली डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहरबानी नाही, तो हक्क आहे. अर्जदारांत मुलकी आणि लष्करी दोन्ही पेन्शनर होते, आणि आधार सगळ्यांना झाला. तरी "कशाला उगाच साहेबांशी वाकडं" हे वाक्य तुम्ही तुमच्या घरात ऐकलं असेल. आम्ही ऐकतो.

म्हणजे अर्ज चांगला लिहिणं हा प्रश्नाचा अर्धाच भाग. ज्याच्यासाठी लिहायचा त्याची भीती घालवणं हा दुसरा भाग, आणि तो कायद्याच्या पुस्तकात नसतो. वलंगकर स्वतः फौजी होते, लोकांतले होते, पण कायद्याचं वजन त्यांच्याकडे नव्हतं.

त्याच सुमाराला दुसऱ्या एका निवृत्त सुभेदाराने उलट बाजूने प्रयत्न केला. रामजी मालोजी सकपाळ, लष्करी शाळेत हेडमास्तर राहिलेले. बरोबर, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात नोंद आहे की भरतीबंदीविरुद्ध सरकारला द्यायचा अर्ज तयार करून घेण्यासाठी रामजी थेट न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले. विचार करा, एक सुभेदार आणि देशातला नावाजलेला न्यायाधीश, एका अर्जावर. वजन आलं, भाषा आली. भरती मात्र तेव्हा सुरू झाली नाही.

नंतरची वीस वर्षं मी भरभर सांगतो, कारण त्यावर वेगळा भाग करायचाच आहे. पुण्यात बटलरची नोकरी करणारे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली. सासवड म्हणजे आपल्या शेजारचाच तालुका, पुरंदर. तिथून १,५८८ लोकांच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज गेला. १९१० साली त्यांनी भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे, म्हणजे थेट लंडनला, दुसरा अर्ज पाठवला. दोन्ही काळांतली भाषा शेजारी ठेवली की फरक दिसतो. १८९४चा अर्ज म्हणतो, आम्ही मूळचे क्षत्रिय, म्हणून घ्या. १९१०चा अर्ज म्हणतो, आम्ही माणसं आहोत, राज्याची प्रजा आहोत, म्हणून पोलिसात आणि फौजेत अगदी खालच्या जागेपासून तरी घ्या. सोळा वर्षांत वंशाचा दाखला मागे पडून हक्काची भाषा आली. मला तरी ही उडी कुठल्याही लढाईपेक्षा मोठी वाटते.

१९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ला मोडली. गरज सरो, वैद्य मरो.

आता तिसरा टप्पा, आणि इथे गोष्ट खरंच लॉ कॉलेजात शिरते. रामजींचा मुलगा १९२३ पासून मुंबईत बॅरिस्टर म्हणून वकिली करू लागला. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांचं ऑफिस होतं, आणि तिथे गोरगरीब आपले कागद घेऊन यायचे. १९२७ला महाडला परिषद झाली. त्या भागात पेन्शनर सैनिकांची वस्ती मोठी, वलंगकरांनी आधीच नांगरलेली जमीन. तिथल्या भाषणात बाबासाहेबांनी लष्करभरती बंद झाल्याने समाजाचं काय नुकसान झालं हे मुद्दाम मांडलं. पुढे चवदार तळ्याचा दावा कोर्टात गेला आणि दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

त्या दिवशी बाबासाहेब कोणत्या पदावर होते माहितीये? मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य. जून १९३५ मध्ये नेमणूक झाली होती, १९३८ पर्यंत ते तिथे होते. म्हणजे लॉ कॉलेजचा प्रमुख, वकिली करणारा बॅरिस्टर, आणि सुभेदाराचा मुलगा, हे सगळं एकाच माणसात. त्यांनी कॉलेजात माजी सैनिकांसाठी क्लिनिक काढलं होतं असं मी म्हणत नाही. मी म्हणतोय ते हे की असं क्लिनिक चालवणाऱ्याला जे तीन गुण लागतात, ते तेव्हाच्या व्यवस्थेत एका खुर्चीवर बसू शकत होते. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक मंडळावर गेल्यावर त्यांनी भरतीचा प्रश्न लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. वलंगकरांच्या अर्जानंतर ४७ वर्षांनी.

आजच्या व्यवस्थेत ते तीन गुण एका खुर्चीवर बसू शकत नाहीत. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. यात लॉ कॉलेजचा पूर्ण वेळ प्राध्यापकही आला. विद्यार्थी तर सनद मिळेपर्यंत कोर्टात उभा राहूच शकत नाही. म्हणजे क्लिनिकचा प्रमुख जास्तीत जास्त काय करणार? सल्ला देणार, अर्ज लिहून देणार, आणि केस कोर्टात जायची वेळ आली की फाइल दुसऱ्याच्या हातात देणार. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगपर्यंत सगळं तुम्ही करा, पण प्रॉडक्शनचा ॲक्सेस मागू नका. अमेरिकेत बहुतेक राज्यांत देखरेखीखाली विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहायची परवानगी असते. आपल्याकडे विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून, आणि त्यात लॉ कॉलेजांतल्या क्लिनिकना उत्तेजन द्यावं असं लिहिलेलंही आहे. पण हात बांधून उत्तेजन देण्यात काय हशील? माझ्या मते पूर्ण वेळ प्राध्यापकाला निदान फुकट केसेसपुरती तरी मुभा द्यायला हवी.

याच कायद्याच्या कलम १२ मध्ये फुकट वकील कुणाला मिळेल याची यादी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक, ठरावीक उत्पन्नाच्या आतले. माजी सैनिक असा वेगळा गट त्या यादीत नाही. २६ जुलै २०२५ला, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने श्रीनगरमध्ये 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली, त्यात सैनिक बोर्डांमध्येच कायदेशीर मदतीची क्लिनिक ठेवायचं ठरलं. जागा बरोबर निवडली आहे. फौजी वकिलाच्या ऑफिसात जायला बिचकतो, सैनिक बोर्डात नाही बिचकत. वलंगकरांना न सुटलेली भीती अशाने थोडी सुटू शकते. खुर्चीवर कोण बसतं यावर बाकी सगळं.

आणि काम थोडं नाही. २००७च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण आलं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. म्हणजे कन्हेरीच्या माणसाला पेन्शनची तक्रार घेऊन मुंबई गाठायची. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो नोकरीत उद्भवला, तर तो सेवेमुळेच झाला असं साधारणपणे धरायचं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सैनिकावर नाही. हा एक निकाल माहीत असला तर त्या प्लास्टिकच्या फाइलीतली कितीतरी पत्रं वेगळी वाचता येतात.

तर ऐकणाऱ्यांना, म्हणजे आता वाचणाऱ्यांना, एक काम. घरात फौजी असतील तर त्यांच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर आजाराच्या कारणापुढे काय लिहिलंय ते बघा, पीपीओवरचं नाव, जन्मतारीख आणि वारसाचं नाव आधार कार्डाशी जुळतंय का ते बघा, आणि सगळ्याचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. नावाच्या स्पेलिंगवरून फॅमिली पेन्शन अडकते, आणि तेव्हा विचारायला काका नसतात, काकू असतात. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, क्लिनिक कोणत्या वारी असतं आणि वकील कोण बसतात.

पुढच्या भागात सासवडची १९०३ची सभा, सविस्तर. पुरंदर-बारामती भागातल्या कुणाकडे त्या काळातले जुने लष्करी कागद असतील तर जरूर कळवा.