झाडांनी दुरुस्त केलेला इतिहास

कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेजवळ व्हाइट माउंटन्स नावाची डोंगररांग आहे. सुमारे तीन हजार मीटर उंचीवरच्या तिथल्या जंगलात आपण गेलो, तर प्रथम निराशाच होईल. ना गर्द सावली, ना उंच वृक्ष. पांढुरक्या, नापीक उतारांवर पिळवटलेली, अर्धीअधिक वाळलेली झाडे दूर दूर उभी दिसतात. ही ब्रिसलकोन पाइनची झाडे.

१९५३ साली वृक्षवलयांचे अभ्यासक एडमंड शुलमन इथे आले. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढायची आणि वलये मोजायची, ही त्यांची पद्धत. १९५७ मध्ये त्यांना ४,६०० वर्षांहून जुने झाड सापडले. ‘मेथुसेला’ हे त्याचे नाव. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधला जाण्याआधी ते रुजले होते!

अशा खडतर जागी इतके आयुष्य कसे? झाड अतिशय सावकाश वाढते, म्हणून लाकूड घट्ट आणि राळयुक्त होते. बुरशी, किडींना ते सहजी दाद देत नाही. झाडे विरळ असल्याने वणवाही पसरत नाही.

मेलेले लाकूडही तिथे हजारो वर्षे कुजत नाही. रुंद-अरुंद वलयांचा क्रम जिवंत झाडांशी जुळवत चार्ल्स फर्ग्युसन यांनी काही हजार वर्षे मागे जाणारी अखंड मालिका तयार केली. याच लाकडाचे वय हान्स स्यूस यांनी कार्बन-१४ पद्धतीने काढले, तेव्हा पाच हजार वर्षांपूर्वीची वलये सुमारे पाचशे-सहाशे वर्षांनी ‘तरुण’ निघाली. हवेतील कार्बन-१४चे प्रमाण नेहमी सारखेच होते, हे गृहीतच चुकीचे होते. तारखा सुधारल्यावर पश्चिम युरोपातील कित्येक शिलास्मारके पिरॅमिडांहून जुनी ठरली. ही कला पूर्वेकडून तिकडे गेली, हे मत मागे पडले.

पण ज्ञानाची किंमतही मोजावी लागली. १९६४ साली नेवाडातील व्हीलर शिखराजवळ डोनाल्ड करी हे संशोधक विद्यार्थी हिमनद्यांचा इतिहास अभ्यासत होते. गिरमिटाने पुरेसा नमुना मिळेना, म्हणून वनखात्याच्या परवानगीने एक झाड तोडले गेले. वलये भरली ४,८४४! तोवर ज्ञात असलेल्या कोणत्याही झाडाहून ते वयस्क होते. तोडल्यावरच ते कळले.

मेथुसेलावर आज पाटी नाही. पायवाटेने जाणाऱ्याला तो कोणता, हे सांगितले जात नाही. खाली पडलेली काटकीही उचलायची नसते, कारण एखादे हरवलेले शतक तिच्यातच असू शकेल.

आपल्याकडे सागाची वलयेही स्पष्ट असतात आणि पुण्यातील शास्त्रज्ञांनी त्यांवरून जुन्या पावसाचा अंदाज घेतला आहे. जवळच्या लाकडाच्या वखारीत मुलांना घेऊन जाऊ या. सागाच्या ओंडक्यावर त्यांच्या जन्माचे वर्ष शोधायला सांगू या. मात्र त्यासाठी आधी एक प्रश्न सोडवावा लागेल : हे झाड तोडले कधी?