दुर्मिळ मृदांचे आयन आणि ताऱ्यांचे वर्णपट

ताऱ्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांवरून त्यातील मूलद्रव्ये ओळखता येतात. मात्र एखादे मूलद्रव्य किती आहे, हे केवळ रेषेच्या गडदपणावरून ठरत नाही. प्रत्येक रेषेची प्रकाश शोषण्याची अंगभूत क्षमता निराळी असते. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांबाबत तर ती प्रयोगशाळेत मोजण्यावाचून गत्यंतर नसते. सूर्यासारख्या ताऱ्यांत ही मूलद्रव्ये बहुतांशी एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनांच्या रूपात आढळतात. (हे प्रमाण मेघनाद साहा यांच्या १९२० च्या समीकरणावरून काढता येते.) त्यांच्या ऊर्जापातळ्यांची गर्दी इतकी असते, की निव्वळ गणिताच्या उत्तरावर विसंबता येत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स लॉलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजणी दोन टप्प्यांत केली. आयनांच्या मंद झोतावर नेमक्या तरंगलांबीच्या लेसरचा काही नॅनोसेकंदांचा स्पंद सोडला, की आयन हव्या त्या एकाच पातळीवर चढतात आणि उतरताना चमकतात. ती चमक किती वेगाने मावळते, यावरून पातळीचे आयुर्मान सुमारे ५ टक्क्यांच्या अचूकतेने मिळते. परंतु खाली उतरण्याच्या वाटा अनेक असतात. कोणत्या वाटेने किती आयन उतरले, हे फूरिए वर्णपटमापकाने नोंदविलेल्या रेषांच्या तुलनात्मक तेजावरून कळते. त्यासाठी ॲरिझोनातील किट पीक येथील उपकरण वापरले गेले. येथे एखादी बळकट रेषा नजरेतून सुटली, तरी हिशेब बिघडतो. २००३ मध्ये एकट्या निओडायमियमच्या ७०० हून अधिक रेषा अशा मोजल्या गेल्या.

युरोपियमची अडचण वेगळीच. १५१ व १५३ वस्तुमानांकांच्या त्याच्या दोन्ही समस्थानिकांत अणुकेंद्राच्या प्रभावामुळे रेषा बारीक घटकांत विभागली जाते. ठळक रेषांबाबत हे जमेस न धरल्यास युरोपियमचे प्रमाण वास्तवाहून अधिक भरते.

पूर्वी एकाच ताऱ्यातील एकाच मूलद्रव्याची उत्तरे रेषेगणिक बदलत. हा फरक ताऱ्याचा की सदोष मापनाचा, हे सांगणे कठीण होते. २००९ पर्यंत नव्या मोजमापांनी तो बराच आटोक्यात आला. कुंभ राशीतील सीएस २२८९२-०५२ या प्राचीन ताऱ्यात लोहाचे प्रमाण सूर्याच्या सुमारे एक सहस्रांश आहे. तरीही त्यातील दुर्मिळ मृदांची परस्परप्रमाणे सूर्यातील, शीघ्र न्यूट्रॉन-ग्रहणाने घडलेल्या वाट्याशी जुळतात.

अशी निर्मिती न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत होते, याचा पुरावा २०१७ मध्ये मिळाला. त्या टकरीतील प्रकाश उलगडण्यासाठी मात्र दोन-तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनांच्याही अवरक्त रेषा लागतात, आणि त्यांची प्रयोगशाळेतील मोजमापे अद्याप तुटपुंजी आहेत.