साळगावकर क्लबचे सर्वकालीन अकरा
वास्कोच्या साळगावकर क्लबचा (स्थापना १९५६) सर्वकालीन संघ निवडायला बसलं, की गोलरक्षकावर वाद होतच नाही: ब्रह्मानंद शंखवाळकर. आघाडीला ब्रुनो कुतिन्हो, मधल्या फळीत साविओ मदेरा. १९९८-९९ची राष्ट्रीय लीग जिंकणारा हा गोव्यातला पहिला क्लब, तेव्हा त्या संघातले आणखी काहीजण येणारच. मी अडतो तो बचावफळीशी. गोल करणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापून येतं, गोल होऊ न देणाऱ्याचं क्वचितच. त्यामुळे टीव्हीपूर्वीचे बचावपटू यादीतून आपसूक गळतात. म्हणून मागच्या दोन जागा मी रिकाम्या ठेवल्यात. सुरुवातीच्या वर्षांतले सामने मैदानावर पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच त्या भराव्यात. आणि ती मंडळी आहेत तोवरच.