तळटीप : सांग्रोचा किनारा

* सांग्रो : इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातली, एड्रियाटिक समुद्राला मिळणारी नदी. रोम-व्हेनिसच्या सहलींत हा किनारा सहसा येत नाही. समुद्रात खांबांवर उभारलेली मासेमारीची लाकडी मचाणे, ‘त्राबोक्की’, इथे पाहावीत. पण बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून निघणाऱ्या आपल्या माणसाने आधी तोरिनो दि सांग्रोजवळची युद्धस्मशानभूमी गाठावी. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४३मध्ये, आठव्या भारतीय डिव्हिजनने ही नदी ओलांडली. या डिव्हिजनमध्ये बेळगाव हे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. याच पलटणीतल्या नामदेव जाधवांना एप्रिल १९४५मधल्या सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दहन झालेल्या भारतीय सैनिकांचे सांग्रोच्या या स्मशानभूमीत वेगळे स्मारक आहे. त्यावरची नावे वाचल्याशिवाय परतू नये. – संपा.