नमाजातील साक्षवचन : मुंबई उपनगरांतील शाफई व हनफी पठणपरंपरांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

इस्लामच्या पाच मूलाधारांपैकी पहिला आधार म्हणजे श्रद्धेची साक्ष, अर्थात ‘शहादा’. अल्लाहशिवाय कोणीही उपास्य नाही आणि मुहम्मद हे त्याचे प्रेषित आहेत, असा तिचा आशय आहे. नवजात बालकाच्या कानात दिल्या जाणाऱ्या अजानमध्ये हे शब्द असतात आणि मरणासन्न व्यक्तीजवळ बसून आप्तेष्ट तिला कलम्याचे स्मरण करून देतात. या दोन टोकांच्या दरम्यान नमाजी मनुष्य दररोज ठरावीक बैठकीत ही साक्ष पुन्हा पुन्हा उच्चारतो. नमाजातील या पठणास ‘तशह्हुद’ म्हणतात. लोकभाषेत त्याच्या आरंभीच्या शब्दावरून त्याला ‘अत्तहियात’ असेही म्हटले जाते.

साक्षवचनाचा आशय सर्व मुसलमानांना समान असला, तरी नमाजातील त्याचा पाठ आणि त्यासोबतची हस्तमुद्रा सर्वत्र एकसारखी नाही. अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर किंवा मुलुंड परिसरातील मशिदीत एकाच रांगेत बसलेल्या दोन व्यक्तींची तर्जनी वेगवेगळ्या क्षणी वर उठताना दिसू शकते. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. तथापि त्यामागे पश्चिम किनाऱ्याचा सुमारे हजार वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे :

१. साक्षवचनाचा अर्थ व नमाजातील त्याचे स्थान स्पष्ट करणे.
२. शाफई व हनफी पठणपरंपरांतील भेद नोंदविणे.
३. या भेदाचा कोकण किनाऱ्याच्या व मुंबई उपनगरांच्या सामाजिक इतिहासाशी असलेला संबंध तपासणे.

साक्षवचनाचा अर्थ :

‘शहादा’ हा शब्द अरबीतील ‘श-ह-द’ या धातूपासून बनला आहे. उपस्थित असणे, प्रत्यक्ष पाहणे आणि पाहिलेले सांगणे, असे या धातूचे अर्थ आहेत. मराठीत रूढ असलेला ‘शहीद’ हा शब्दही याच धातूचा आहे. संस्कृतातील ‘साक्षी’ या शब्दाची व्युत्पत्तीही ‘साक्षात पाहणारा’ अशीच दिली जाते. फारसीतून आलेला ‘ग्वाही’ हा तिसरा शब्द मराठीने न्यायव्यवहारातून आत्मसात केला. त्यामुळे ‘साक्ष देणे’ या क्रियेचा गाभा मराठी वाचकास परका नाही. साक्षीदार ऐकीव गोष्ट सांगत नाही, तर स्वतःची जबाबदारी स्वीकारून बोलतो.

साक्षवचनाच्या पहिल्या भागाची रचना लक्षणीय आहे. ‘ला इलाह’ या शब्दांत आधी निषेध आहे, तर ‘इल्लल्लाह’ या शब्दांत नंतर स्वीकार आहे. धर्मशास्त्रज्ञ या दोन अंगांना अनुक्रमे ‘नफी’ व ‘इस्बात’ म्हणतात. आधी सर्व खोट्या आधारांचा त्याग करावयाचा आणि मग एकाच आधाराची ग्वाही द्यावयाची, असा हा क्रम आहे. हे दोन्ही भाग कुराणात भिन्न ठिकाणी आले आहेत. सलग कलमा म्हणून त्यांची जोडणी मात्र हदीस व परंपरेतून झाली आहे.

नमाजातील स्थान :

दिवसभरातील पाच अनिवार्य नमाजांच्या एकूण १७ रकाती होतात. दुसऱ्या रकातीनंतर आणि अखेरच्या रकातीनंतर बसून तशह्हुद पढला जातो. पहाटेच्या फजर नमाजात अशी एकच बैठक असते व उरलेल्या चारांत प्रत्येकी दोन असतात. म्हणजे केवळ अनिवार्य नमाजांत ही साक्ष दिवसातून ९ वेळा दिली जाते. ऐच्छिक नमाज जमेस धरल्यास ही संख्या बरीच वाढते.

तशह्हुदमध्ये क्रमाने चार गोष्टी येतात. प्रथम सर्व वंदना अल्लाहस अर्पण केल्या जातात. नंतर प्रेषितांना सलाम केला जातो, मग स्वतःसाठी व सर्व सदाचारी भक्तांसाठी शांतीची प्रार्थना होते आणि शेवटी साक्ष दिली जाते. येथे व्याकरणाचा एक बारकावा दिसतो. शांतीची प्रार्थना ‘आम्हांवर’ अशी अनेकवचनी आहे, परंतु साक्ष मात्र ‘मी साक्ष देतो’ अशी एकवचनी आहे. समूहात उभे राहून पढल्या जाणाऱ्या प्रार्थनेतही साक्ष ज्याची त्यालाच द्यावी लागते. शिवाय तशह्हुद नेहमी मंद स्वरात पढला जातो. इमामही तो मोठ्याने म्हणत नाही.

दोन पाठ व दोन मुद्रा :

तशह्हुदचे एकाहून अधिक पाठ प्रेषितांच्या सहकाऱ्यांकडून परंपरेने आले आहेत. इराकमधील कूफा येथे अध्यापन करणारे अब्दुल्लाह इब्न मसऊद यांचा पाठ इमाम अबू हनीफा (मृत्यू इ. स. ७६७) यांच्या परंपरेने स्वीकारला. इमाम शाफई (इ. स. ७६७–८२०) यांनी अब्दुल्लाह इब्न अब्बास यांच्या पाठास प्राधान्य दिले. प्रेषितांनी आपणांस तशह्हुद कुराणातील एखाद्या सूरेप्रमाणे शिकविला, असे दोघांच्याही कथनात आढळते. त्यामुळे एक पाठ शुद्ध व दुसरा अशुद्ध, अशी भूमिका अभिजात धर्मशास्त्राने घेतलेली नाही.

पाठभेद मोजकेच आहेत. शाफई पाठात आरंभी ‘मुबारकात’, म्हणजे कल्याणमय, हे विशेषण अधिक येते. साक्षीच्या दुसऱ्या भागात हनफी पाठ मुहम्मदांना अल्लाहचा ‘दास आणि प्रेषित’ म्हणतो, तर शाफई पाठाच्या प्रचलित रूपात ‘अल्लाहचा प्रेषित’ एवढेच शब्द येतात.

मुद्रेतील भेद अधिक ठळक आहे. हनफी नमाजी ‘ला’ या निषेधवाचक शब्दावर तर्जनी उचलतो आणि ‘इल्ला’ या शब्दावर ती खाली आणतो. शाफई नमाजी ‘इल्लल्लाह’ या स्वीकारवाचक शब्दावर तर्जनी उचलतो आणि बैठक संपेपर्यंत ती तशीच ठेवतो. एका परंपरेत बोट नकाराची खूण करते, तर दुसऱ्या परंपरेत ते एकत्वाकडे निर्देश करते. अर्थ एकच असून त्यातील कोणत्या अंगावर शरीराने भर द्यावयाचा, एवढाच हा फरक आहे. हनफी परंपरेतही या मुद्रेविषयी पूर्ण एकमत नव्हते. शेख अहमद सरहिंदी (मृत्यू इ. स. १६२४) यांनी तर्जनी उचलण्यास विरोध केला होता, तर मक्केत स्थायिक झालेले हनफी विद्वान मुल्ला अली कारी यांनी तिच्या समर्थनार्थ लेखन केले.

तशह्हुदच्या स्थानाविषयीही मतभेद आहे. शाफई मतानुसार अखेरचा तशह्हुद हा नमाजाचा स्तंभ असून त्याविना नमाजच होत नाही. हनफी मतानुसार अखेरची बैठक अनिवार्य असून तशह्हुदचे पठण ‘वाजिब’, म्हणजे त्याखालोखालचे आवश्यक कर्तव्य आहे.

कोकण किनारा व शाफई परंपरा :

महाराष्ट्रातील इस्लामचा इतिहास पुष्कळदा इ. स. १२९६ मधील अलाउद्दीन खिलजीच्या देवगिरी स्वारीपासून सांगितला जातो. किनाऱ्यावरील साधने मात्र त्याआधीची कहाणी सांगतात. अरब प्रवासी अल्-मसूदी याने दहाव्या शतकाच्या आरंभी सैमूर, म्हणजे चौल, येथे सुमारे १०,००० मुसलमानांची वस्ती नोंदविली आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले लोक होते, तसेच याच भूमीत जन्मलेले मुसलमानही होते. त्यांचे अंतर्गत तंटे सोडविण्यासाठी स्थानिक राजाने त्यांच्यातीलच प्रमुख नेमला होता, असेही तो सांगतो. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या इ. स. ९२६ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात संजाण प्रदेशाचा कारभार पाहणाऱ्या ‘मधुमती’ नामक ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. ‘मुहम्मद’ या नावाचे ते संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात.

दहाव्या शतकातील हे मुसलमान शाफईच होते, असे या साधनांवरून सिद्ध होत नाही. चौदाव्या शतकात मात्र चित्र स्पष्ट होते. इब्न बतूता याने कोकणच्या दक्षिणेकडील होन्नावर येथील मुसलमान शाफई असल्याचे नमूद केले आहे. माहीमचे मखदूम अली माहिमी (मृत्यू इ. स. १४३१) हे याच परंपरेतील श्रेष्ठ विद्वान होत. त्यांचे अरबी कुराणभाष्य एकोणिसाव्या शतकात कैरोनजीकच्या बुलाक येथे छापले गेले. शाफई धर्मविधींवरील एक ग्रंथही त्यांच्या नावावर प्रसिद्ध आहे. कोकण, मलबार, येमेन, पूर्व आफ्रिका आणि आग्नेय आशिया या हिंदी महासागराच्या काठांवर शाफई मत प्रबळ असणे हा योगायोग नव्हे. व्यापारी गलबतांच्या मार्गानेच ते पसरले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माहीमची खाडी ओलांडली की साष्टी लागते आणि आजची उपनगरे याच बेटावर वसली आहेत. साष्टी इ. स. १५३४ पासून सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या ताब्यात होती व १७३९ मध्ये ती मराठ्यांकडे आली. त्यामुळे उपनगरांतील सध्याची शाफई वस्ती मध्ययुगीन वस्तीचीच सलग वंशज आहे, असे गृहीत धरता येत नाही. रत्नागिरी व रायगड भागांतून नाखवा, खलाशी, व्यापारी व नोकरदार म्हणून मुंबईत आलेल्या कोकणी मुसलमान कुटुंबांनी ही परंपरा आपल्याबरोबर आणली. इ. स. १८०२ मध्ये पूर्ण झालेली मुंबईची जामा मशीद हे या समाजाच्या शहरातील स्थानाचे ठळक प्रतीक होय.

हनफी परंपरा व उपनगरांची वाढ :

दिल्ली सल्तनत व मुघल राज्य यांच्या न्यायव्यवस्थेत हनफी मतास प्राधान्य होते. औरंगजेबाच्या काळात सिद्ध झालेला ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा त्याच मताचा संग्रह आहे. उत्तर भारत व दख्खनच्या पठारावरील बहुसंख्य सुन्नी मुसलमान त्यामुळे हनफी आहेत. १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८६७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरून विरारपर्यंत गाडी धावू लागली. पुढे गिरण्या व कारखाने वाढले, तसे उत्तर प्रदेश, बिहार व मराठवाडा येथून कारागीर आणि मजूर मुंबईत येत राहिले. १९५० मध्ये नजीकची उपनगरे व १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत सामील झाला. समुद्रमार्गाने आलेली शाफई परंपरा आणि खुष्कीच्या मार्गाने आलेली हनफी परंपरा अशा रीतीने एकाच वस्तीत, पुष्कळदा एकाच मशिदीत, एकत्र आल्या. १९९२-९३ च्या दंगलींनंतर झालेल्या स्थलांतरांनी वस्त्यांची ही सरमिसळ आणखी वाढविली.

शिया परंपरेचा स्वतंत्र विचार करावा लागेल. तिच्या अजानमध्ये हजरत अलींच्या ‘विलायती’ची साक्षही उच्चारली जाते. अंधेरीतील मरोळ येथे २०२३ मध्ये उद्घाटन झालेली दाऊदी बोहरा समाजाची अल्-जामेआ-तुस-सैफिया ही संस्था उपनगरांतील या वैविध्याची आठवण देते.

सहजीवन, उच्चार व अर्थबोध :

भिन्न परंपरांच्या सहजीवनाची काही साधने अत्यंत साधी आहेत. शाफई मतानुसार असरची वेळ हनफी वेळेआधी सुरू होते. म्हणून नमाजाच्या छापील वेळापत्रकांत ‘असर शाफई’ व ‘असर हनफी’ असे दोन रकाने आढळतात. नमाज उभा राहण्यापूर्वीच्या इकामतमध्ये हनफी परंपरा साक्षीचे प्रत्येक वाक्य दोनदा म्हणते, तर शाफई परंपरा एकदाच म्हणते. फजरमध्ये शाफई इमाम ‘कुनूत’ ही प्रार्थना करतो, तेव्हा त्याच्यामागील हनफी नमाजी सामान्यतः शांत उभा राहतो. तर्जनीच्या बाबतीत तर कोणीच कोणाची वाट पाहत नाही. ज्याचे बोट त्याच्या परंपरेप्रमाणे उठते आणि रांग अभंग राहते.

पठण व अर्थ यांच्यातील अंतर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. मराठी, कोकणी किंवा उर्दू बोलणारे मूल अरबी शब्द प्रथम कानाने शिकते, अर्थ नंतर कळतो व कधी कळतही नाही. जी गोष्ट समजली नाही तिची साक्ष देता येते काय, हा प्रश्न नवा नाही. अबू हनीफा यांनी नमाजात फारसीचा वापर मान्य केला होता. त्यांच्या शिष्यांनी ती सवलत अरबी न येणाऱ्यांपुरती मर्यादित केली. शाफई मताने अरबीचा आग्रह धरला, तरी असमर्थ व्यक्तीस शिकेपर्यंत तशह्हुदचा अनुवाद म्हणण्याची मुभा ठेवली. तुर्कस्तानात १९३२ ते १९५० या काळात अजान तुर्की भाषेत देण्याचा प्रयोग राज्यसत्तेने केला, परंतु तो लोकांत रुजला नाही. यावरून दोन गोष्टी दिसतात. अरबी ध्वनीविषयीची आत्मीयता आदेशाने नाहीशी होत नाही, आणि अर्थ मातृभाषेत शिकविण्यास धर्मशास्त्राची कोणतीही आडकाठी नाही.

सार्वजनिक चर्चेत मात्र साक्षवचनाचे केवळ एकच रूप येते आणि ते म्हणजे ध्वनिक्षेपकावरील अजान. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घातले. कुर्ला परिसरातील रहिवासी संस्थांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे स्पष्ट केले. कायद्याचा हा विचार उपकरणापुरता आहे. नमाजी ज्या साक्षीस नमाजाच्या बैठकीत स्वतःशी बांधून घेतो, ती शेजारच्यालाही क्वचितच ऐकू जाते.

निष्कर्ष :

१. तशह्हुदमधील साक्ष आशयाने एक, व्याकरणाने वैयक्तिक आणि पठणरीतीने परंपरागत आहे. ‘मी साक्ष देतो’ असे म्हणणारा मनुष्य ते शब्द आपल्या पूर्वजांच्या रीतीने उच्चारतो.

२. मुंबई उपनगरांतील शाफई व हनफी रीती या अनुक्रमे सागरी व खुष्कीच्या मार्गांच्या खुणा आहेत. महाराष्ट्रातील इस्लाम केवळ उत्तरेकडील स्वाऱ्यांबरोबर आला, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

३. धार्मिक विधी हे इतिहासाचे साधन होऊ शकते. मात्र एकट्या विधीवरून वंश किंवा सातत्य सिद्ध होत नाही. ताम्रपट, प्रवासवृत्ते व स्थलांतराचा इतिहास यांची जोड त्यास द्यावी लागते.

४. महाविद्यालयीन अध्यापनात ‘मुस्लिम समाज’ हा एकजिनसी घटक म्हणून मांडण्याची सवय रूढ आहे. चौलच्या बंदरातून आलेला वारसा आणि गंगेच्या खोऱ्यातून आलेला वारसा एकाच वर्गात शेजारी बसलेले असतात, याचे भान अध्यापकाने ठेवल्यास त्याच्या मांडणीत अचूकता येईल आणि विद्यार्थ्यास आपल्या इतिहासाची योग्य ओळख मिळेल.